व्यापारचिन्ह-निर्देश
सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तिकेत आलेले परके नाव कोणाच्या मालकीचे, हे सांगणारी ओळ. ‘लिनक्स हे लिनस टॉरवल्ड्स यांचे नोंदणीकृत व्यापारचिन्ह आहे’ हा तिचा ठरीव नमुना. छपाई बारीक, वाचक विरळा. व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ ती सक्तीची करत नाही. कलम ३० प्रामाणिक वापराला मोकळीक देते. नोंदणी नसलेले चिन्ह नोंदणीकृत म्हणून मिरवणे मात्र कलम १०७ खाली दंडनीय.

अकोला-अमरावतीकडे परक्या चिन्हाची ओळख पुस्तिकेत नव्हे, कृषी केंद्रातच होते. बीटी कपाशीच्या पाकिटावर वाण एका कंपनीचे आणि ‘बोलगार्ड’ हे नाव मूळ मोन्सँटोचे, तेही परवान्याने. नुझिवीडू सीड्स या अशाच एका बियाणे कंपनीचा परवाना २०१५ मध्ये रद्द झाल्यावर मोन्सँटोने दिल्ली उच्च न्यायालयात पेटंटसोबत या नावाच्या वापरालाही हरकत घेतली.