दाखल्यावरील तांबडा आकडा

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत परदेशी मनुष्यास नागरिक करून घेण्याचा अधिकार १९०६ सालापर्यंत लहानमोठ्या असंख्य न्यायालयांकडे विखुरलेला होता. प्रत्येक न्यायालयाचा दाखला निराळा, त्याचा कागद निराळा, मजकूरही निराळा. एखाद्या दाखल्यावर आकडा असलाच तर तो त्या गावच्या न्यायालयाच्या वहीचा. साहजिकच खोट्या दाखल्यांचा सुळसुळाट झाला. निवडणुकीच्या तोंडावर झुंडीच्या झुंडी नागरिक करून घेतल्या जात, आणि कोणता दाखला खरा हे ठरवावयास मध्यवर्ती दप्तरच नव्हते.

२९ जून १९०६ रोजी झालेल्या कायद्याने ही अनागोंदी मोडून काढली. त्या वर्षीच्या २७ सप्टेंबरपासून दाखल्याचे कोरे कागद वॉशिंग्टनहून पुरविले जाऊ लागले. कागद सहजासहजी नक्कल करता येणार नाही असा, आणि त्यावर छापलेला सलग अनुक्रमांक. न्यायालयाच्या कारकुनाने एक प्रत नव्या नागरिकाच्या हाती द्यावयाची, दुसरी वॉशिंग्टनला धाडावयाची आणि स्थळप्रत आपल्या दप्तरी ठेवावयाची. एखादा कागद बिघडला तर तोही परत पाठवावयाचा. ज्या कागदाचा हिशेब लागणार नाही त्याबद्दल कारकुनावर पन्नास डॉलरांची जबाबदारी कायद्याने टाकली होती. कोऱ्या कागदाचे मोल नोटेसारखे व्हावे, हा त्यामागचा हेतू उघड दिसतो.

हा अनुक्रमांक पुढे पुढे दाखल्याच्या उजव्या बाजूच्या वरच्या कोपऱ्यात तांबड्या शाईने छापलेला आढळतो. वाचणाऱ्याची फसगत होते ती येथेच. त्याच कागदावर न्यायालयातील अर्जाच्या नोंदवहीचा निर्देश असतो, जुन्या दाखल्यांवर स्थळप्रतीच्या वहीचाही असतो. हे निर्देश केवळ त्या न्यायालयापुरते. वॉशिंग्टनच्या दप्तरात त्यांवरून काहीच सापडावयाचे नाही. तेथील कागद तांबड्या आकड्यानेच लावलेले असत. शिवाय हा आकडा लहान म्हणून नागरिकत्व आधीचे, असेही खात्रीने म्हणता येत नाही. कोऱ्या दाखल्यांची पुस्तके न्यायालयांना वाटून दिलेली असत. गर्दीच्या शहरातले पुस्तक लवकर संपे, आडगावचे मात्र सावकाश खपे.

बायकांची गोष्ट तर आणखी निराळी होती. १९२२ सालापर्यंत पतीच्या नागरिकत्वाबरोबर पत्नी नागरिक होई. तिचे नाव पतीच्या दाखल्यावर चढे. तिला स्वतःचा आकडा नसे. आजीचा दाखला शोधणाऱ्या नातवाने म्हणूनच आजोबांचा आकडा शोधावा लागतो.

दाखल्यावर धारकाचे वर्णनही असे: वय, उंची, डोळ्यांचा व केसांचा रंग, अंगावरील खुणा. त्यांतच 'वर्ण' आणि 'कांती' असे दोन वेगळे रकाने होते. हा केवळ लेखनाचा डौल नव्हता. १७९० च्या कायद्याने नागरिकत्व फक्त 'स्वतंत्र गोऱ्या' माणसांस खुले केले होते, आणि १८७० साली त्यांत आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली होती. हिंदी मनुष्य यांपैकी कोठे बसतो? १९१० साली न्यूयॉर्ककडील अपील न्यायालयाने पारशी गृहस्थ भिकाजी बलसारा यांचे नागरिकत्व कायम केले. त्यानंतर काही न्यायाधीश हिंदी अर्जदारांस अनुकूल झाले, काही झाले नाहीत.

१९ फेब्रुवारी १९२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात निकाल दिला की, शास्त्रज्ञ काहीही म्हणोत, सामान्य माणसाच्या समजुतीप्रमाणे हिंदी लोक गोरे नव्हेत. मग १९०६ च्या त्याच कायद्याचे दुसरे कलम उपयोगास आले. गैरकायदेशीर मिळविलेला दाखला खटला भरून रद्द करवून घेण्याची तजवीज त्यात होती. ज्या सलग आकड्यांनी खोटे दाखले शोधावयाचे, त्याच आकड्यांखाली लावलेल्या दप्तरात आता हिंदी नागरिकांचे खरे दाखलेही हाताशी होते. सॅन फ्रान्सिस्कोचे व्यापारी वैष्णोदास बगाई १९२१ साली नागरिक झाले होते. त्यांचे नागरिकत्व गेले, त्याबरोबर मालमत्तेचा हक्क गेला. स्वदेशी भेटीसाठी अमेरिकन पारपत्र मिळेना. १९२८ साली त्यांनी आत्महत्या केली.

या लाटेस बांध घातला तो थिंड यांच्याच वकिलाने. अहमदाबादेस जन्मलेले सखाराम गणेश पंडित हे नाव ऐकून मराठी माणसाने कान टवकारावे, यात नवल नाही. ते लॉस एंजेलिस येथे १९१४ साली नागरिक झाले आणि पुढे कॅलिफोर्नियात वकिली करू लागले. थिंड-निकालानंतर त्यांचाही दाखला रद्द करण्यासाठी सरकारने खटला भरला. पंडित स्वतःच्या वतीने उभे राहिले. दाखला गेला तर वकिली जाणार, घर जाणार; इतकेच नव्हे, तर विवाहामुळे त्यांच्याशी बांधली गेलेली त्यांची अमेरिकन पत्नीही आपले नागरिकत्व गमावणार होती. १९१४ चा निकाल पटला नव्हता तर सरकारने तेव्हाच अपील का केले नाही, हा त्यांचा मुद्दा बिनतोड ठरला. १९२६ साली अपील न्यायालयाने पंडितांच्या बाजूने निर्णय दिला, आणि १९२७ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालण्याचे नाकारले. यानंतर इतर हिंदी लोकांविरुद्धचे राहिलेले खटले सरकारने सोडून दिले.

दाखल्यावर छायाचित्र आले १९२९ साली. १९४० च्या कायद्याने परदेशीयांची सरसकट नोंदणी सुरू झाली आणि 'ए' अक्षराने आरंभ होणारा नोंदणी क्रमांक आला. १९५६ सालापासून नागरिकत्वाचे कागदही याच क्रमांकाच्या दप्तरात लागू लागले. त्यामुळे अलीकडच्या दाखल्यावर दोन्ही आकडे असतात: 'ए'चा क्रमांक माणसाचा, तांबडा क्रमांक त्या कागदाचा. दाखला हरवून नवा घेतला की माणसाचा क्रमांक तोच राहतो, कागदाचा बदलतो. अर्जात एकाच्या जागी दुसरा लिहिण्याची चूक म्हणूनच वारंवार होते.

थिंड यांस पहिला दाखला डिसेंबर १९१८ मध्ये, अंगावर अमेरिकन लष्कराचा गणवेश असताना मिळाला आणि चार दिवसांत काढून घेण्यात आला. दुसरा १९२० साली ऑरेगन संस्थानात मिळाला. तो १९२३ च्या निकालाने निरर्थक झाला. १९३५ साली पहिल्या महायुद्धातील सैनिकांसाठी वंशाची अट शिथिल करणारा कायदा झाला, आणि १९३६ साली न्यूयॉर्क येथे थिंड तिसऱ्यांदा नागरिक झाले. सर्वसामान्य हिंदी माणसास ते दार उघडले २ जुलै १९४६ रोजी.