स्कीइंगचा सम्राट ब्यॉर्न डॅली

नॉर्वेची मुले पायांत स्की बांधूनच जन्माला येतात, असे त्या देशात गमतीने म्हटले जाते. तेथे क्रॉसकंट्री स्कीइंग हा केवळ स्पर्धांचा खेळ नाही. हिवाळ्यात बर्फाच्छादित जंगलवाटांवर आबालवृद्ध स्की करीत असतात. साहजिकच या खेळातले बारकावे तेथील सामान्य प्रेक्षकालाही कळतात आणि त्याला खूश करणे सोपे नसते. ब्यॉर्न डॅलीने या प्रेक्षकाला जिंकले.

१९ जून १९६७ रोजी एल्वेरूम येथे जन्मलेल्या डॅलीने १९९२, १९९४ आणि १९९८ या तीन हिवाळी ऑलिम्पिकमध्ये ८ सुवर्ण व ४ रौप्यपदके मिळवली. जागतिक अजिंक्यपदाची ९ सुवर्णपदके आणि ६ वेळा विश्वचषक मालिकेचे सर्वसाधारण विजेतेपद त्याच्या नावावर आहे. या खेळात चढ, उतार आणि सपाटी असे सारे अंतर स्वतःच्या दमावर कापावे लागते. डॅलीचा दम हा वैज्ञानिकांच्याही कुतूहलाचा विषय होता.

१९९२ मध्ये अल्बर्टव्हिलला रिलेतील अखेरचा टप्पा धावताना आघाडी एवढी मोठी होती, की डॅलीने अंतिम रेषा चक्क पाठमोरी ओलांडली. दुसऱ्या आलेल्या इटलीला तो उद्दामपणा वाटला असल्यास नवल नाही. दोन वर्षांनी इटलीने त्याची परतफेड केली, तीही नॉर्वेच्याच लिलेहॅमरमध्ये, लाखाहून अधिक प्रेक्षकांसमोर. सिल्व्हिओ फाउनरने अखेरच्या झेपेत डॅलीला अवघ्या ०.४ सेकंदाने मागे टाकले आणि गजबजलेले स्टेडियम क्षणात चिडीचूप झाले. त्याच ऑलिम्पिकमध्ये त्याने २ सुवर्णपदके जिंकली. पण नॉर्वेकरांच्या मनात सलत राहिली ती हीच शर्यत.

देशाबाहेर तो ओळखला जातो, तो १९९८ च्या नागानो ऑलिम्पिकमुळे. १० किलोमीटरची शर्यत जिंकल्यावर तो अंतिम रेषेपाशीच थांबून राहिला. केनियाचा फिलिप बोईट अजून मार्गावर होता. मूळचा धावपटू असलेल्या बोईटने दोनच वर्षांपूर्वी प्रथम बर्फ पाहिला होता. विजेत्यानंतर तब्बल २० मिनिटांनी, सर्वांत शेवटी तो पोहोचला, तेव्हा डॅलीने त्याला मिठी मारली. पदकवितरण तोवर खोळंबले होते. बोईटने पुढे आपल्या मुलाचे नाव डॅली ठेवले. विजेत्याला शेवटच्या स्पर्धकाची दखल घ्यावीशी वाटणे, हे दृश्य विरळाच. त्याच ऑलिम्पिकमध्ये ५० किलोमीटरची शर्यत ८.१ सेकंदांनी जिंकून तो रेषेपलीकडे कोसळला. ते त्याचे आठवे आणि अखेरचे ऑलिम्पिक सुवर्ण ठरले.

ऑगस्ट १९९९ मध्ये रोलर स्कीवर सराव करताना झालेल्या अपघातात त्याच्या पाठीला गंभीर दुखापत झाली. उपचार झाले, पुनरागमनाचे प्रयत्नही झाले. पण २००१ मध्ये त्याला निवृत्ती जाहीर करावी लागली. सॉल्ट लेक सिटीचे ऑलिम्पिक तेव्हा वर्षभरावर आले होते.

त्याची लोकप्रियता मात्र ओसरली नाही. जुना सहकारी व्हेगार्ड उल्व्हांग याच्यासोबतच्या भटकंतीच्या दूरचित्रवाणी मालिकेने त्याला घरोघरी पोहोचवले होते. त्याच्या नावाचे क्रीडावस्त्रांचे बोधचिन्हही बाजारात रुळले. हिवाळी ऑलिम्पिकमधील ८ सुवर्णपदकांच्या त्याच्या विक्रमाशी २०१८ मध्ये मारित ब्यॉर्गेन हिने बरोबरी साधली. तीही नॉर्वेचीच.