जुनी तलवार वाचताना



निवृत्तीनंतर जुन्या शस्त्रांचा छंद लागला. या शाळेत मी अजून बालवर्गातच आहे. पण पहिला धडा आपल्या सर्वांच्या कामाचा आहे. तलवार चकाकीवरून नव्हे, खुणांवरून ओळखावी.

नागपूरकर पहिले रघूजीराजे भोसले यांची तलवार घ्या. एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून आपल्या राज्य शासनाने ती मिळवली. पाते सरळ, एकधारी, युरोपीय बनावटीचे. अशा तलवारीला आपल्याकडे ‘फिरंग’ म्हणत. मूठ मात्र मुल्हेरी घाटाची, सोनेरी नक्षीची. नुसते पाते पाहणारा तिला परदेशी ठरवील. पण पात्याच्या पाठीवर सोन्याच्या पाण्याने देवनागरीत रघूजींचे नाव आणि ‘सेनासाहेबसुभा’ हा किताब आहे. त्या एका ओळीने तलवारीला तिचे घर सांगितले.

जपानी तलवारीवर कारागिराचे नाव मुठीत दडलेल्या भागावर कोरलेले असते. तिथला गंज जाणकार मुद्दाम राखतात, कारण त्यावरून वय ताडता येते.

१८०३ च्या देवगावच्या तहापर्यंत आपल्या वऱ्हाडात निजामाबरोबर भोसल्यांचाही अंमल होता. त्यामुळे यवतमाळकडच्या एखाद्या वाड्यात, देवघरात जुने पाते निघाले तर नवल नाही. खंडेनवमीला पूजा जरूर करा. पण चिंच, विटकरीने घासू नका. आधी पात्याची पाठ भिंगाखाली पाहा, फोटो काढून ठेवा. गंज पुढेही काढता येईल. घासून गेलेले नाव परत येत नाही.