पाय, पी आणि पे

‘पायची किंमत किती?’ असे फळ्यापाशी विचारले, की वर्गात कोणीतरी स्वतःच्या पायाकडे बघते आणि हशा पिकतो. आम्हीही शाळेत हसलो होतो. शिक्षक बहुधा ‘२२/७, पुढे चला’ म्हणतात. खरे तर थांबण्याजोगी जागा हीच.

हा ‘पाय’ म्हणजे ग्रीक लिपीतले π हे अक्षर. ग्रीक लोक त्याला ‘पी’ म्हणतात. ‘पाय’ हा उच्चार आपल्याकडे इंग्रजीतून आला. ग्रीकांनी आपली अक्षरे फिनिशियन लोकांकडून घेतली. त्यांच्याकडे या अक्षराचे नाव होते ‘पे’, म्हणजे तोंड! शरीराचा अवयव आहे खरा, पण पाय नव्हे.

परीघ आणि व्यास यांचे गुणोत्तर मात्र या चिन्हाहून पुष्कळ जुने. आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये २०,००० व्यासाच्या वर्तुळाचा परीघ ६२,८३२ दिला, आणि तो ‘आसन्न’ म्हणजे जवळपासचा आहे, हेही सांगितले. (२२/७ लिहिताना हा एक शब्द आपण विसरतो.) त्या गुणोत्तराला π हे चिन्ह दिले विल्यम जोन्स या वेल्श गणितज्ञाने, १७०६ साली. परिघाला ग्रीकमध्ये ‘पेरिफेरिया’ म्हणतात, त्याचे हे पहिले अक्षर. पुढे ऑयलरने ते वापरले आणि सगळीकडे रूढ झाले.

या जोन्सचा मुलगाही विल्यमच. वडील वारले तेव्हा तो तीन वर्षांचाही झाला नव्हता. १७८३ मध्ये तो न्यायाधीश म्हणून कलकत्त्याला आला, संस्कृत शिकला, आणि संस्कृत, ग्रीक व लॅटिन या एकाच मूळ भाषेतून निघाल्या असाव्यात, असे त्याने १७८६ मध्ये एशियाटिक सोसायटीत मांडले. एखादा शब्द कानाला सारखा लागला एवढ्यावर तो थांबला नव्हता. क्रियापदांचे धातू आणि व्याकरणाची रूपे जुळतात, हा त्याचा आधार होता.

आता पुन्हा वर्गातल्या हशाकडे येऊ. π आणि आपला पाय यांचे ध्वनिसाम्य हा निव्वळ योगायोग. पण ‘पेरिफेरिया’तले ‘पेरि’ आणि ‘परिधी’, ‘परिमिती’ यांतले ‘परि’ ही सख्खी भावंडे. दोन्हींचा अर्थ ‘सभोवार’. आणि आपल्या पायालाही नातलग आहेतच. ‘पाय’ आला संस्कृत ‘पाद’वरून, आणि ‘पाद’चा भाऊ लॅटिन ‘पेद’. त्यावरून सायकलचे पेडल. खेड्यापाड्यांत त्याला सर्रास ‘पायडल’ म्हणतात. वहीत कोणी तसे लिहिले, तर आम्ही तरी ते खोडायची घाई करणार नाही.