गळालेली रेघ : मरिनर-१ चा घटनाक्रम

उड्डाणाआधी, तारीख नोंदलेली नाही

अ‍ॅटलास रॉकेटला जमिनीवरून दिशा देणारी समीकरणं हातानं लिहिलेली आहेत. त्यांतल्या एका समीकरणात ‘आर’ हे अक्षर आहे. अक्षरावर टिंब, टिंबावर छोटी आडवी रेघ. टिंब म्हणजे बदलाचा वेग. रेघ म्हणजे तो वेग जसाच्या तसा घ्यायचा नाही, आधी सरासरीनं त्यातले चढउतार काढून टाकायचे.

समीकरणांची नक्कल होते. नकलेत टिंब आहे, रेघ नाही.

आपल्या अनुस्वारासारखीच ही रेघ. गळाली तरी ओळ धडधाकट दिसते, अर्थ मात्र बदललेला असतो. ज्यानं नक्कल केली त्याला स्वतःची चूक सहसा सापडत नाही, कारण तो कागदावरचं वाचत नाही, मनातलं वाचतो. म्हणून छापखान्यांत दोघं बसत. एक जण मूळप्रत मोठ्यानं वाचे, स्वल्पविराम आणि अवतरणचिन्हंसुद्धा उच्चारून. दुसऱ्याचं बोट प्रुफावरून फिरे. काम कंटाळवाणं, मोबदला थोडा. पण असली रेघ पकडायला त्याहून खात्रीची पद्धत माझ्या माहितीत नाही.

या नकलेवरून आज्ञावली तयार होते. उड्डाणाच्या क्षणापर्यंत चूक तिच्यात तशीच राहते.

२० जुलै १९६२, रात्री ११:३३
केप कॅनव्हरल, फ्लोरिडा

उलटी मोजणी सुरू होते, ठरल्या वेळेहून उशिरा. भरकटलेलं रॉकेट हवेतच उडवून देण्याची जी सुरक्षा यंत्रणा असते, तिच्यात बिघाड होता.

रॉकेटच्या टोकाला मरिनर-१ आहे. वजन सुमारे २०३ किलो. त्याला शुक्राजवळून जायचं आहे. आजवर कोणत्याही देशाचं यान दुसऱ्या ग्रहाजवळून कामाची माहिती पाठवू शकलेलं नाही. पॅसाडिनाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीनं हे यान वर्षभराच्या आत उभं केलं आहे, कारण शुक्र कुणासाठी थांबत नाही. उन्हाळ्यातले हे काही आठवडे हुकले तर पुढची संधी सुमारे १९ महिन्यांनी.

२१ जुलै, पहाटे २:२०

उड्डाण रद्द. मोजणीत अजून ७९ मिनिटं शिल्लक आहेत. त्याच सुरक्षा यंत्रणेतला एक फ्यूज उडाला आहे.

फ्यूज सापडतो, कारण तो उडाल्याचं यंत्र सांगतं. हातात जवळजवळ एक दिवस आला आहे. मूळ समीकरणं आणि नक्कल शेजारी ठेवून वाचायला तेवढा वेळ पुरला असता. पण ज्या कागदाची शंका नाही तो कुणी मागत नाही.

२१ जुलै, रात्री ११:०८

मोजणी पुन्हा सुरू. उड्डाणाला २०० मिनिटं.

उड्डाणाआधी १३० मिनिटं

मोजणी थांबते. जमिनीवरच्या मागोवा यंत्रणेतला एक भाग खरखर करतो आहे. तो बदलायला ४१ मिनिटं जातात.

उड्डाणाआधी ८० सेकंद

पुन्हा थांबा. रेडिओ मार्गदर्शन यंत्रणेचा वीजपुरवठा वरखाली होतो आहे. ३४ मिनिटं.

दोन्ही थांबे योग्य होते. दोन्ही वेळा माणसांनी घाई केली नाही, दोष शोधला, दूर केला. हे मुद्दाम नोंदवायला हवं, कारण पुढे जे घडलं त्याला बेफिकिरी म्हणणं सोपं आहे आणि ते अन्यायाचं होईल. तारा, फ्यूज, वीज, सगळ्याची तपासणी झाली. दिशा दाखवणाऱ्या यंत्रणेसाठी मोजणी दोनदा थांबली. त्याच यंत्रणेच्या मजकुरासाठी एकदाही नाही.

२२ जुलै, पहाटे ४:२१:२३

अ‍ॅटलास उठतं. सुरुवातीची चाल ठीक आहे.

काही वेळानं रॉकेटवरचं संकेत देणारं उपकरण दगा देऊ लागतं. वेगाची माहिती तुटक येते. कधी दीड सेकंद खंड, कधी एकसष्ट सेकंदांचा. एवढ्यानं मोहीम बुडायला नको होती. अशाच खडबडीत माहितीसाठी ती रेघ होती. संकेत स्वच्छ येत राहिला असता तर तिची उणीव जाणवलीही नसती.

जमिनीवरचा संगणक नकलेप्रमाणे वागतो. वेगातली क्षुल्लक थरथर त्याला मोठं विचलन वाटते आणि तो दुरुस्त्या पाठवू लागतो. रॉकेट मार्गावरच होतं. दुरुस्त्यांनी ते मार्ग सोडतं.

क्षेत्र सुरक्षा अधिकाऱ्याला योजनेत नसलेलं वळण दिसतं.

४:२५

सुकाणू हाताबाहेर गेल्याचं स्पष्ट झालं आहे. रॉकेट उत्तर अटलांटिकमधल्या जहाजांच्या वाटेवर किंवा वस्तीवर कोसळू शकतं. वरचा आजेना टप्पा सुटा झाला की ते उडवून देता येणार नाही.

४:२६:१६

उड्डाणाला २९३ सेकंद झाली आहेत. टप्पा सुटायला सहा सेकंद उरली आहेत. अधिकारी नाशाची आज्ञा देतो.

पुढची ६४ सेकंदं

यानाचा रेडिओ संदेश पाठवत राहतो. मग थांबतो.

त्यानंतरचा आठवडा

चौकशीत दोन कारणं पुढे येतात, उपकरणाचा बिघाड आणि आज्ञावलीत गळालेलं एक चिन्ह. नासाच्या निवेदनात त्याला ‘हायफन’ म्हटलं जातं आणि वृत्तपत्रं तोच शब्द उचलतात. तंत्रज्ञ आणि इतिहासकारांनी पुढे सांगितलं ते मात्र अक्षरावरच्या आडव्या रेघेबद्दल. नुकसान १ कोटी ८५ लाख डॉलर.

२७ ऑगस्ट १९६२

छत्तीस दिवसांनी, त्याच तळावरून मरिनर-२ झेपावतं. आज्ञावली दुरुस्त केलेली आहे. १४ डिसेंबरला ते शुक्रापासून सुमारे ३५ हजार किलोमीटरवरून जातं आणि दुसऱ्या ग्रहाची माहिती पाठवणारं पहिलं यान ठरतं.

मूळप्रतीशी न ताडलेली नक्कल फक्त रॉकेटचीच नसते. आपल्याकडे माहितीपत्रक, औषधाचं वेष्टन, शाळेचं पुस्तक, बँकेचं संकेतस्थळ, सगळं शेवटच्या रात्री पुरं होतं. अंदाजपत्रकात पहिली काट बसते ती मुद्रितशोधकाच्या मानधनाला. घरी बसून पानामागे दर घेणारी अनुभवी माणसं आजही मिळतात. काम ठरतं त्या दिवशीच त्यांना सांगा. त्यांच्या हाती नुसती प्रुफं देऊ नका, मूळप्रतही द्या, आणि दोन्ही ताडून वाचायला पुरेसा वेळ द्या.