न कुजणारं जाळं

कोसाडला माझा दवाखाना आहे. पेशंट बहुतेक लूम्सवर काम करणारे, त्यांतले बरेच आपल्या खानदेशातले. एकदा एक आई सहा महिन्यांचं बाळ घेऊन आली. दोन दिवस सारखं रडत होतं. मी पोट तपासलं, कान पाहिले, लक्षणं विचारली, औषधही मनात ठरवलं. मग मोजा काढला, तर पायाच्या अंगठ्याभोवती यार्नचा एक तंतू आवळलेला. अंगठा जांभळा पडला होता. भिंगाखाली धरून तंतू कापला; औषध दिलं नाही. डॉ. हॅनिमन यांनी 'ऑर्गेनन'च्या सातव्या सूत्राच्या टिपेत हेच सांगून ठेवलंय: आवळलेली पट्टी आधी सैल करा.

समुद्रात उतरून टाकून दिलेली जाळी कापणाऱ्यांविषयी वाचताना मला तो अंगठा आठवला.

पूर्वी जाळं सुताचं किंवा सणाचं असे. खाऱ्या पाण्यात ते कुजे, म्हणून कोळी ते झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवत, पुन्हा पुन्हा वाळवत. वादळात हरवलं तर नुकसान कोळ्याचं. समुद्र ते पचवून टाके. 1938 साली अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीने नायलॉन जाहीर केलं, ते ब्रशसाठी आणि बायकांच्या मोज्यांसाठी. महायुद्धानंतर ते जाळ्यांत शिरलं आणि पुढे आपल्या किनाऱ्यावरही आलं. यात कोळ्याला दोष देता येत नाही. जाळं हलकं, मजबूत, वाळवायची कटकट नाही. पण ते कुजत नाही, आणि रोगाचं मूळ तिथेच. खडकात अडकून तुटलेलं जाळं मालकावाचून मासे धरत राहतं. त्यात मेलेला मासा पुढच्याचं आमिष होतो. याला 'घोस्ट नेट' म्हणतात, भुताचं जाळं. समुद्रातल्या कचऱ्यापैकी सुमारे दहा टक्के हाच माल असावा, असा अंदाज संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या 2009 च्या अहवालात आहे.

त्याच सुमारास नेदरलँड्समधले काही हौशी डायव्हर उत्तर समुद्रात बुडालेल्या जहाजांवरची जाळी काढू लागले. 2012 मध्ये त्यांची संघटना झाली. काम बिनपगारी आणि जोखमीचं. सुरीने जाळं थोडं थोडं कापायचं, हवेने फुगणाऱ्या पिशव्या बांधून वर सोडायचं. स्वतःची टाकी जाळ्यात अडकली तर सोडवायला जोडीदार लागतो, म्हणून एकट्याने उतरायचं नाही. आपल्याकडे पुदुच्चेरी आणि केरळच्या किनाऱ्यांवर हे झालंय. तारकर्ली-मालवणचं पाणी पावसाळ्यानंतर निवळतं, तिथेही तयार डायव्हर आहेत.

आपल्या सुरतेला मात्र ते जमणारं नाही. खंभातच्या आखाताची भरती-ओहोटी प्रचंड आणि पाणी गढूळ. हात बुडवला तर बोटं दिसत नाहीत. आपल्या बाजूला जाळं दिसतं ते किनाऱ्याला लागल्यावरच. याच रेल्वेमार्गावर, डहाणूला, वनखात्याचं कासव उपचार केंद्र आहे. तिथे पावसाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं येतात. काहींचे पर जाळ्याच्या दोऱ्याने कापत कापत गेलेले असतात. पट्टी सैल करायला तिथे उशीर झालेला असतो. आम्ही जैन चातुर्मासात पांजरापोळीला पैसे पाठवतो आणि जीवदया झाली म्हणतो. पाण्याखाली काय चाललंय, हे मीही साठी ओलांडेपर्यंत विचारलं नव्हतं.

आणखी एकजण या इतिहासात बसतो. डिसेंबर 2018 मध्ये महाराष्ट्र सरकारने ठरवलं, की अडकलेलं संरक्षित कासव किंवा देवमासा सोडवायला कोळ्याने स्वतःचं जाळं कापलं, तर 25,000 रुपयांपर्यंत भरपाई मिळेल. स्वतःच्या पोटाचं साधन कापणारा हा माणूस मला डायव्हरपेक्षा मोठा वाटतो.

काढलेल्या जाळ्यांचं काय होतं? स्लोव्हेनियात एक कारखाना आहे. तिथे जुन्या नायलॉनचं विघटन करून 2011 पासून पुन्हा यार्न काढतात. मी हे आमच्या सोसायटीतल्या एका लूमवाल्याला सांगितलं. त्याने विचारलं, "डॉक्टरसाहेब, त्या यार्नची साडी निघेल का?" मी म्हटलं, निघायला हरकत नाही. तो लगेच किलोचा भाव विचारू लागला.