वेगाचा पुरावा

वेगमर्यादा मोडल्याचा आरोप सिद्ध करणे मुळातच अवघड असते. चोरीचा माल सापडतो, मारहाणीची जखम दिसते. गाडीचा वेग मात्र गाडी पुढे निघून गेली की मागे काहीच ठेवत नाही. उरते ती कुणीतरी केलेली नोंद. त्यामुळे अशा खटल्यांचा इतिहास हा बव्हंशी त्या नोंदीवर किती विश्वास ठेवायचा, याचा इतिहास आहे.

त्याची सुरुवात इंग्लंडमध्ये झाली. १८६५च्या कायद्याने यंत्रावर चालणाऱ्या गाड्यांना गावात ताशी २ मैल आणि गावाबाहेर ताशी ४ मैल अशी मर्यादा घातली होती. गाडीपुढे लाल निशाण घेऊन एका माणसाने चालावे, अशीही अट होती. कायदा झाला तेव्हा नजरेसमोर होती ती वाफेची अवजड इंजिने. जानेवारी १८९६मध्ये केंट परगण्यात वॉल्टर अर्नोल्ड हा गृहस्थ ताशी ८ मैल वेगाने मोटार हाकत गेला. एका पोलिसाने सायकलवरून पाठलाग करून त्याला गाठले. वेगाबद्दल त्याला १ शिलिंग दंड आणि खटल्याचा खर्च भरावा लागला. ब्रिटनमधली या गुन्ह्याची ही पहिली शिक्षा मानली जाते. त्याच वर्षअखेरीस कायदा सैल झाला, आणि १९०३च्या मोटार कायद्याने मर्यादा ताशी २० मैलांवर नेली.

याच १९०३च्या कायद्यात एक छोटीशी तरतूद होती, आणि पुढच्या साऱ्या वादाचा गाभा तिच्यात आहे. वेग किती होता याबद्दल केवळ एका साक्षीदाराच्या मतावरून कुणालाही दोषी ठरवता येणार नाही, असे तिने सांगितले. धुरळा उडवत येणारी, कानठळ्या बसवणारी मोटार त्या काळच्या माणसाला प्रत्यक्षाहून वेगवान वाटणे साहजिकच होते. अंदाज आणि मोजमाप यांत कायद्याने फरक केला, ही मोठी गोष्ट होती.

मग पोलिसांनी मोजमाप सुरू केले. रस्त्याचा ठरावीक टप्पा आखायचा, दोन्ही टोकांना कुंपणाआड शिपाई बसवायचे, पहिल्याने खूण करायची आणि दुसऱ्याने स्टॉपवॉच दाबायचे. फर्लांगभर, म्हणजे २२० यार्डांचा टप्पा धरला, तर ताशी २० मैल वेगाने तो ओलांडायला साडेबावीस सेकंद लागतात. ताशी १९ मैलांनी जाणाऱ्या गाडीला लागणारा वेळ यापेक्षा सव्वा सेकंदानेही जास्त नसतो. खूण दिसून बोट कळीवर पडेपर्यंत जो वेळ जातो, तेवढ्यात निर्दोष माणूस दोषी ठरू शकत होता. मोटारवाल्यांचा संताप त्यामुळेच होता, आणि तो अगदीच गैर नव्हता.

या सापळ्यांची आगाऊ सूचना देण्यासाठी १९०५मध्ये ऑटोमोबाईल असोसिएशन स्थापन झाली. तिचे सायकलस्वार पुढचा धोका सांगत. १९१०च्या ‘बेट्स विरुद्ध स्टीव्हन्स’ खटल्यात न्यायालयाने अशा इशाऱ्याला पोलिसांच्या कामातला अडथळा ठरवले. त्यावर संघटनेने तोड काढली. तिचा माणूस सभासदाची गाडी दिसली की एरवी सलाम करी. सलाम केला नाही, तर चालकाने थांबून कारण विचारायचे. सलाम न करणे हा गुन्हा कसा ठरवणार?

रडारने वादाचे स्वरूपच बदलले. १९४०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत वाहतूक पोलिसांच्या हाती ते आले. गाडीवर आदळून परतणाऱ्या लहरींची वारंवारता किती बदलली, यावरून ते वेग सांगते. सुरुवातीला हे तत्त्व पटवून द्यायला न्यायालयात तज्ज्ञ आणावे लागत. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५५मध्ये ‘राज्य विरुद्ध डँटोनिओ’ खटल्यात ही गरज संपवली. मात्र वापरलेले यंत्र नीट लावले होते आणि ते अचूक चालत होते, हे दाखवण्याची जबाबदारी कायम राहिली. त्याची एक साधी चाचणी म्हणजे नादकाटा. ठरावीक कंपनसंख्येचा नादकाटा आपटून रडारसमोर धरायचा. त्यावर कोरलेला वेगाचा आकडा यंत्राने दाखवला पाहिजे. ही चाचणी कधी घेतली, तिची नोंद कुठे आहे, हे प्रश्न बचावाच्या वकिलांच्या उलटतपासणीत कायमचे येऊन बसले.

इंधनटंचाईमुळे १९७४मध्ये अमेरिकेत देशभर ताशी ५५ मैलांची मर्यादा आली आणि रडारचा वापर वाढला. १९७९मध्ये मायामीच्या एका दूरचित्रवाणी वार्तापत्रात पोलिसांचे रडार एका ताडाच्या झाडाचा वेग ताशी ८६ मैल आणि एका घराचा वेग ताशी २८ मैल दाखवताना लोकांनी पाहिले. त्याच वर्षी तिथल्या न्यायाधीशांनी रडारचा पुरावा ग्राह्य धरायला नकार दिला. यंत्राला मत नसते हे खरे, पण चूक असते, हे त्या झाडाने सिद्ध केले. त्यानंतर सरकारी प्रयोगशाळेत या यंत्रांच्या चाचण्या झाल्या.

भारतात १९०३ची ती तरतूद आजही जिवंत आहे. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम १८३च्या पोटकलम ३नुसार, एका साक्षीदाराच्या मतावरून वेगाचा गुन्हा शाबीत होत नाही. ते मत यांत्रिक किंवा इलेक्ट्रॉनिक साधनाने केलेल्या मोजणीवर आधारलेले असावे लागते. रस्त्याकडेचे कॅमेरे आल्यापासून साक्षीदार हे साधनच झाले आहे. महाराष्ट्रात ई-चलान मोबाईलवर येते, आणि थकलेली चलाने अनेक लोक लोकअदालतीत तडजोडीने मिटवतात. तडजोडीत पैसे आणि वेळ वाचतो, पण पुराव्याची पारख होत नाही. शंभर वर्षे ज्या प्रश्नावर न्यायालयांनी डोके लावले, तो तिथे विचारलाच जात नाही.

ती पारख करण्याची साधने नियमांत आहेत. ऑगस्ट २०२१मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७-ए हा नियम आला. साधनाला अचूकतेचे प्रमाणपत्र हवे आणि त्याचे दर वर्षी नूतनीकरण व्हावे, कॅमेरा असलेल्या ठिकाणी इशाऱ्याचा फलक ठळक दिसावा, नोटीस घटनेपासून १५ दिवसांत पाठवावी, तिच्यात वाहनाचा क्रमांक दिसणारे छायाचित्र आणि साधनाने मोजलेला वेग असावा, आणि चलान निकाली निघेपर्यंत मूळ नोंद जपून ठेवावी, असे तो सांगतो. चलान आले की पैसे भरण्याआधी घटनेची तारीख, नोटिशीची तारीख आणि छायाचित्रातला क्रमांक एवढे तरी प्रत्येकाने ताडून पाहावे.